उसवलेल्या बाहीचा कोट

दि. ४ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं प्राण्यांचं म्युझियम पाहून आल्यापासून मला धड झोप नाही. तू कामाला आत गेलीस आणि मी त्या मोठ्या दालनात एकटा राहिलो. कुठेही उभा राहिलो तरी काचेआडचा तरस माझ्याकडेच बघायचा. पहारेकऱ्याला विचारलं, हे सगळे नक्की मेलेले आहेत ना. तो म्हणाला, आजोबा, इथे रजा न मागणारे तेवढेच आहेत. त्याला थट्टा सुचत होती, मला घाम फुटला होता.

मग तू मला मागच्या खोलीत नेलंस. जुन्यापुराण्या अस्वलाच्या पोटाला टाके घालताना तुला पाहिलं, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं. बापासारखीच शिंपी निघालीस, गिऱ्हाईक तेवढं निराळं. पण वाळली आहेस. दिवसभर त्या मेलेल्यांत बसणं मला काही बरं दिसत नाही.

दाराआड टांगलेल्या तुझ्या कोटाची बाही उसवली होती. तुला न सांगता पिशवीत घालून आणला. बाही जोडली, खिशांना नवं अस्तर लावलं. टाचण्या तोंडात धरतो म्हणून तुझी आई ओरडत होती, पण शिंप्याने तिसरा हात कुठून आणायचा? कोट लवकरच पाठवतो.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझे बाबा

दि. ७ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पोस्टावर न सोडता आमच्या ड्रायव्हरच्या हाती पत्र देते आहे. तो कोट आम्ही सगळे शोधत होतो. टाचण्यांचं वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले.

बाबा, जुन्या कातड्यांना कीड लागू नये म्हणून पूर्वी त्यांत सोमल भरत. ते विष अजून त्यांच्या केसांत आहे. त्या कामापुरताच तो कोट आम्ही घालतो आणि खोलीबाहेर नेत नाही. तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही मला नोकरी सोडायला लावली असती.

कोट झटकू नका, धुऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ड्रायव्हरकडे द्या. आईला हात लावू देऊ नका. आजच डॉक्टरांकडे जा आणि सोमल हा शब्द नीट सांगा. माझी काळजी नको, मी मास्क आणि हातमोजे घालते.

रागवा, पण लोभ कमी करू नका.
तुमची चिमणी

दि. १६ मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

कोट पोचला असेल. तुझ्या आईने तो आधीच खिडकीत झटकला होता. ती ठणठणीत आहे आणि सगळा दोष माझ्या टाचण्यांना देते आहे. माझी लघवी तपासली. सोमल निघाला, पण थोडा. डॉक्टर म्हणाले, उतरून जाईल, पाणी पीत राहा. दोन दिवस पोट बिघडलं होतं, आता बरं आहे.

मग त्यांनी विचारलं, कोट कोणाचा. मुलीचा म्हटल्यावर त्यांनी लिहिणं थांबवलं. पोरगी किती वर्षं हे काम करते, तिची तपासणी झाली आहे का, असं विचारत राहिले. ते प्रश्न मी आता तुलाच विचारतो आहे.

तू लिहितेस, मास्क घालते. चिमणे, त्या दिवशी मी आत आलो तेव्हा मास्क तुझ्या हनुवटीखाली होता. बोलायला काढला असशील असं मला वाटलं. पण शेवटचा टाका घातलास आणि अस्वलाच्या पोटाशी वाकून दोरा दातांनी तोडलास. आपल्या घरात दोरा असाच तुटतो. मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. आता डोळे मिटले की तेवढंच दिसतं.

नोकरी सोड म्हणणार नाही. कात्री पाठवली आहे, ती गळ्यात अडकव. आणि हे पत्र हाती पडताच तपासायला जा. निकाल काय येईल तो येवो, माझ्यापासून लपवू नकोस. पोस्टमन येऊन गेला तरी मी दारातून हलत नाही. दोन ओळी लिही, पण लवकर लिही.

तुझे बाबा