तमादा बैठक शोधतो

आदरणीय बुरुलकान एजे यांस,

कोचकोरहून धाकट्या भावाचा सलाम. तुम्ही, जेझदे दाजी, लेकरंबाळं, मेंढ्या आणि ती लाथाळ घोडी, सगळी सुखरूप आहात ना? जेझदेंच्या कंबरेला चरबी चोळता ना? (ती चोळायची असते, खायची नसते, हे त्यांना पुन्हा एकदा सांगा.) इकडे मी ठणठणीत आहे. इतका, की शुक्रवारी नारीनला जाऊन आलो. कशाला, ते सांगायला वेळ लागेल, तेव्हा चहा ओतून घ्या.

शरदात रिस्कुलच्या पोराच्या लग्नात मी तमादा म्हणून पंगत चालवत होतो आणि तिथे काय बोलून बसलो, ते तुमच्या कानावर आलंच असेल. असल्या बातम्यांना आपल्या खिंडीतला बर्फ कधी आडवा येत नाही. नवऱ्या मुलाच्या आजीला स्वर्गात शांती लाभो, म्हणून मी अख्खी पंगत उभी केली आणि पेले रिकामे करायला लावले. आजी समोरच बसली होती, ताटात मेंढीचं मांस घेऊन. (बिचारी सगळ्यांबरोबर उभीही राहिली.) घरी आल्यावर कान्यशायने भांडण काढलं नाही. माझे बूट ओढून काढताना एवढंच म्हणाली, "असंच पीत राहिलात तर पुढच्या वर्षी ही प्रार्थना मला तुमच्यासाठी म्हणावी लागेल." तीस वर्षांच्या संसारात तिचा इतका हळू आवाज मी ऐकला नव्हता. मी घाबरलो, एजे.

नारीनला दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक भरते, असं ऐकून होतो. कुठे भरते, ते कुणी सांगेना, कारण तिथे येणाऱ्यांची नावं बाहेर फुटू नयेत असा नियम आहे. नियम झकास, पण आपल्याकडे माणूस भेटला की आधी सात पिढ्या विचारतात आणि मग तब्येत. त्यात मी पडलो तमादा. कुणी आधी बोलायचं, कुणी मागून आणि पेला कधी उचलायचा, हे निम्म्या जिल्ह्याला मीच सांगत आलोय. टोपी नाकापर्यंत ओढून गाडीत बसलो, तर चालकाने नुसत्या खोकल्यावरून ओळखलं. त्याचं लग्न मीच गाजवलं होतं म्हणे. भाडं घेईना, उलट सीटखालून बाटली काढली. पोट बिघडलंय म्हणालो, तर म्हणाला, मग हे औषधच आहे. वाचनालयाजवळच्या चांभारानेही तेच औषध काढलं. एजे, दारू सोडायची वाट विचारत जावं, तर दर वळणावर तीच आडवी.

दवाखान्याच्या खिडकीशी मी मित्रासाठी विचारतोय असं सांगितलं. खिडकीतल्या बाईंनी मित्राचं नाव विचारलं, मग बापाचं, मग आजोबाचं. मी सुचतील ती नावं ठोकून दिली आणि चौथ्या पिढीला तो त्यांचा भाऊबंद निघाला. जन्मालाच न आलेल्या त्या माणसासाठी बाई डोळे पुसू लागल्या, आणि वाचनालयाची मागची खोली, शुक्रवारी चार वाजता, असं हळूच सांगून त्याच्या बायकोसाठी वाळवलेल्या जर्दाळूंची पिशवी माझ्या हाती दिली. (जर्दाळू गोड आहेत. आपल्या अझिरेतच्या लग्नाला येताना आणतो.)

खोलीत सात माणसं, चहा, तळलेले बोर्सोक, आणि सगळ्यांच्या नजरा आपापल्या बुटांवर. गलिना पेत्रोव्ना नावाच्या निवृत्त भूगोलाच्या बाई बैठक चालवतात. शांतता म्हटली की माझ्या अंगावर काटा येतो, तुम्हाला ठाऊकच आहे. मी उठलो. सर्वांत वडीलधाऱ्याला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं, बाकीच्यांना वयाप्रमाणे, आणि एकेकाची तारीफ करून त्याला बोलायला उभं केलं. चार महिने तोंड न उघडलेली एक शिवणकाम करणारी बाई घडाघडा बोलली. आम्ही चहाच्या वाट्या उचलल्या. मी मनात म्हटलं, चला, इथलंही लग्न लागलं.

मग गलिना पेत्रोव्ना म्हणाल्या, "फार छान. आता तुम्ही."

मला कोण उभं करणार, असं मी विचारलं.

"इथे कुणी कुणाला उभं करत नाही," त्या म्हणाल्या. "आपलं आपण बोलायचं."

मी म्हणालो, "मी सातारकुल." पुढे काही येईना. ज्याने सबंध गावाचे घोडे चोरले, त्याला भर लग्नात अश्वप्रेमी म्हणणारा मी, पण स्वतःबद्दल एक वाक्य जमेना. सगळे वाट पाहत राहिले. कुणी हसलं नाही, तेच जड गेलं. गाडी चुकेल असं पुटपुटून मी बाहेर पडलो. गाडीला अजून दोन तास होते.

असो. थोरामोठ्यांना सलाम, धाकट्यांचे गालगुच्चे.

तुमचा,
सातारकुल

ता. क. – अझिरेतच्या लग्नाला दुसरा तमादा बघा. मामा आहे म्हणून मला वर बसवू नका. दाराजवळ धाकट्यांच्या रांगेत बसवा, आणि माझ्या वाटीत तुम्ही स्वतः चहा ओता. कुणी विचारलं तर घसा बसलाय म्हणा. (तमादा म्हणून ओमुरझाक मात्र नको. तो आपल्या घराण्याबद्दल खरं बोलतो.)

आणखी ता. क. – घसा बसलाय असं म्हणू नका. लहानपणी तुम्ही मला पाठीवर घेऊन नदी ओलांडायचात, तेव्हा तुमच्यापाशी लाज कसली? मी सातारकुल. मी दारुडा आहे, आणि माझ्या एकट्याच्याने सुटत नाही. येत्या शुक्रवारी चार वाजता दारापर्यंत माझ्याबरोबर या. आत मी जाईन.