तकलीफ नाही, साहेब

१९ जानेवारी
आमच्या मंडळींचं, ठमाबाईचं, ऑपरेशन फत्ते. उजवा गुडघा नवा. डॉक्टर म्हणाले, आता घरी बाथरूम नीट करून घ्या. कमोड, भिंतीला धरायला दांडे, न घसरणारी फरशी, आणि तो उंबरा काढा. आमच्याकडे यातलं काहीच नाही. पण मी इंजिनिअर रेजिमेंटचा हवालदार आहे. चढत्या पाण्यात पूल टाकलेत. एवढंसं बाथरूम म्हणजे काय मोठं. तोवर ती द्रोणागिरीला लेकीकडे राहील. प्रांजलकडे लिफ्ट आहे, कमोड आहे, जावई भावेश आहे. आठ दिवसांत तुला पनवेलला घरी आणतो, असं सगळ्यांसमोर जाहीर केलं.  माझ्या तारखा ठमाबाई हल्ली नुसत्या ऐकून घेते.

२१ जानेवारी, सकाळी
प्लंबर हरेशने बाथरूम पाहून खर्च सांगितला. त्याला चहा पाजून परत पाठवलं. बचत ऑपरेशनने आधीच साफ केली आहे.

त्याच दिवशी, दुपारी
माजी सैनिकांच्या ग्रुपवर मेसेज. एक न्यास फौजींना बाथरूम सुरक्षित करायला पैसे देतो. सैनिकासाठी किंवा त्याच्या बायकोसाठी. आधी घर बघायला माणूस येतो. मला मागायची सवय नाही. पण हे मागणं नव्हे, हा हक्क आहे. शिवाय अर्ज ठमाबाईच्या गुडघ्यासाठी. मी फिट आहे.

२४ जानेवारी
अर्ज ऑनलाइन गेला. प्रांजलने तिकडून भरला, मी इकडून सूचना दिल्या, म्हणजे मीच भरला. एक प्रश्न होता: अर्जदार बाथरूममध्ये कधी पडला आहे का? मी नाही म्हणालो. नोव्हेंबरात झालं ते पडणं नव्हतं. साबण उचलायला खाली गेलो आणि थोडा वेळ खालीच थांबलो.

२८ जानेवारी
आठ दिवस होऊन गेले. न्यासाकडून काही नाही. हातावर हात ठेवून बसणं आपल्या रक्तात नाही. ड्रिल आणून टॉवेलचा जुना स्टीलचा रॉड भिंतीला बसवला. मजबूत काम झालं. फक्त धरायचा नाही.

१ फेब्रुवारी, रविवार
द्रोणागिरीला जाऊन आलो. ठमाबाई वॉकर घेऊन हॉलभर चालते. तिच्या बहिणीने मोरा बंदरावरून बोंबील पाठवले होते. दाबून खाल्ले. निघताना तिने विचारलं, तुमी जेवता ना बरोबर. म्हणालो, एकदम टकाटक. रोज खिचडी होते. परवा कुकर जळला, पण त्यात दोष कुकरचा. भावेश म्हणाला, बाबा, तुम्हीपण इथेच राहा. हसून टाळलं. पोस्ट सोडता येत नाही.
घरी आलो. घर फार मोठं वाटतं. वन आरके आहे.

९ फेब्रुवारी
न्यासाचा फोन. गुरुवारी इन्स्पेक्शन. येणार आहेत कॅप्टन सत्यजीत, निवृत्त. कॅप्टन म्हटल्यावर खुर्चीतून उभाच राहिलो. किती वर्षांनी ऑफिसर दारात येणार, आणि त्यांना काय शेवाळ दाखवायचं? प्रांजल फोनवर म्हणाली, बाबा, काही आवरू नका, आहे तसंच दिसू द्या, त्यासाठीच तर येतायत ते. पोरगी हुशार आहे, पण सिव्हिलियन.

११ फेब्रुवारी
तयारी पूर्ण. फरशा ॲसिडने घासल्या. शेवाळ गेलं, बोटांची सालं पण गेली. पलटणीच्या रिवाजाप्रमाणे उंबऱ्याला खाली गेरू, वर चुन्याचा पट्टा. बादल्या उंचीप्रमाणे रांगेत. तरी बाथरूम रिकामं दिसत होतं. फौजेत इन्स्पेक्शनला सामान कमी पडलं की आम्ही बाजूच्या कंपनीतून उसनं आणून मांडायचो. साहेब गेले की परत. खालच्या मजल्यावरच्या अविनाशकडे त्याच्या आईची कमोडची खुर्ची पडून होती. ती आणली. सोबत त्याची रबराची मॅटही. रॉड पॉलिश केला. आता बाथरूम इतकं देखणं दिसतंय की दोनदा दार उघडून नुसतं बघत उभा राहिलो. आंघोळ आज केली नाही. डाग पडले असते.

१२ फेब्रुवारी
साहेब वेळेवर. वयाने माझ्याहून लहान, पण ऑफिसर तो ऑफिसर. मेडल लावून सॅल्यूट ठोकला. त्यांनी खुर्ची पाहिली, मॅट पाहिली, उंबऱ्याचा पट्टा पाहून मान डोलावली. रॉडकडे हात नेला तेव्हा मी झटकन चहाचं विचारलं. मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, कोई तकलीफ?
इथे थोडं सविस्तर लिहितो. पलटणीच्या दरबारात साहेब हाच प्रश्न विचारतात. समोर सगळे जवान बसलेले. कुणाची रजा अडकलेली, कुणाच्या बुटाचा तळ गेलेला, कुणी आठवडाभर कच्ची रोटी खाल्लेली. उत्तर मात्र एकच, एका आवाजात. माझी सगळी नोकरी ते उत्तर देण्यात गेली. आजही तोंडातून आपोआप गेलं. नहीं साब. वर उठाबशा काढून दाखवल्या. चौथ्या बैठकीला साहेबच बस म्हणाले. बरं झालं, कारण मी तिथून उठत नव्हतो.
साहेब खूश होऊन गेले. खुर्ची आणि मॅट अविनाशला परत. काम झाल्यात जमा.

२० फेब्रुवारी
निकाल आला. पहिली ओळ: बाथरूमची देखभाल उत्कृष्ट, हवालदार दयाराम यांचे अभिनंदन. ताबडतोब ठमाबाईला फोन लावून वाचून दाखवलं. आउटस्टँडिंग आलो, म्हणालो. ती म्हणाली, पुडं वाचा. पुढची ओळ: सर्व सोयी उपलब्ध असल्याने मदतीची गरज दिसत नाही.
 ती म्हणाली, मंजे होलीला मी घरी नाय. मी म्हणालो, हा टेक्निकल मुद्दा आहे, बघतो मी. तिने फोन ठेवला.
आज कुकर लावला नाही. भूक नव्हती. ती नसली की मला या घरात करमत नाही. हे इथेच राहू दे, कुणाला सांगायचं नाही.

२२ फेब्रुवारी, सकाळी
निर्णय झाला. कुणाच्या मदतीची गरज नाही. होळीच्या आत सगळं स्वतः करणार. सुरुवात उंबऱ्यापासून. छिन्नी, हातोडा, थोडं पाणी मारून ठेवलंय.

त्याच दिवशी, संध्याकाळी
उंबरा जागेवर आहे. मी थोडा वेळ खाली थांबलो. या वेळी रॉड धरला होता. तो माझ्याबरोबर आला, त्याच्याबरोबर काही फरशा आल्या. आवाज ऐकून अविनाश धावत वर आला. घोटा टम्म. प्रांजलला कळवू नको असं मी त्याला बजावत होतो, तेव्हा तो तिच्याशीच बोलत होता.

२४ फेब्रुवारी
घोट्याला प्लास्टर. ठमाबाई घरी आली. ठरल्याप्रमाणे होळीच्या आधी, हे नोंदवतो. नव्या गुडघ्याने पायरी पायरी करत जिना चढली, मागे भावेश हात पसरून. आल्या आल्या गेरू-चुन्याचा उंबरा पाहून म्हणाली, याला टिला कुनी लावला.  तिची आंघोळ स्वयंपाकघरातल्या मोरीत होते. माझी पण. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, पाय पिशवीत घालून. पाणी ती ओतते.

२७ फेब्रुवारी
प्रांजलने न्यासाशी बोलून कॅप्टन साहेबांना परत बोलावलं. या वेळी खरं सांगायचं हे माझं पक्कं होतं. सकाळपासून स्टुलावर बसून घोकत होतो, जी साब, तकलीफ है. छान जमत होतं.
साहेबांनी फुटक्या फरशा पाहिल्या, भिंतीतली भोकं पाहिली. ती खुर्ची कुठे गेली, विचारलं. दारात उभा असलेला अविनाश म्हणाला, ती माझी, साहेब.  मग साहेब माझ्याकडे वळले. कोई तकलीफ?
नहीं साब, म्हणालो.
ठमाबाई वॉकर घेऊन पुढे आली. म्हणाली, हाय ना तकलीफ, साहेब. ही बघा, स्टुलावर बसलीय. गुडगा माजा गेला, पन पडतात हे. नोव्हेंबरात बी पडले, कुनाला बोलले नाय. मी दाराभाईर उभी व्हते, आवाज आयकला. माजा गुडगा व्हईल बरा. दांडा यांच्यासाठी पायजे.
मला वाटलं होतं, ती तेव्हा बाजारात गेली होती.
साहेबांनी टॅबवर अर्जातलं ठमाबाईचं नाव काढून तिथे माझं घातलं. म्हणाले, मंजूर होऊन जाईल. पुढच्या आठवड्यात मिस्त्री पाठवतील. मी सॅल्यूटसाठी उठायला लागलो. ठमाबाईने खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबलं. बसलो.