पाण्यातून काढलेलं रेशीम

आई, तुला एक विचारायचं आहे. पण थेट विचारायची सवय मला तुझ्या हयातीत नव्हती, ती आता कुठून येणार? तू म्हणायचीस, या पोरीला तहान लागली तरी ही आधी विहीर कुणाची ते विचारील. तेव्हा आज मी आधी दुबईतल्या, करामाच्या आपल्या घरात जाते आणि तिथून हळूहळू मुद्द्यावर येते. मला आज सुट्टी आहे, चहा झाला आहे, आणि तुलाही कुठे जायचं नाही.

आपलं ते तिसऱ्या मजल्यावरचं घर. हॉलमध्ये बाबांचा ड्रॉइंग बोर्ड ठाण मांडून बसलेला, म्हणून तुझं शिलाईचं मशीन स्वयंपाकघरात, फ्रिज आणि ओट्याच्या मध्ये. करामातल्या निम्म्या मराठी बायकांची ब्लाउजं तू तिथे बसून शिवलीस. त्यांना थोडा फोडणीचा वास येतो अशी तक्रार एकीनं केली होती, तर तू तिला म्हणालीस, घातल्यावर तुझ्या नवऱ्याला भूक लागेल, बरंच आहे. तुझी एक शिस्त मात्र होती. कुठलंही कापड आलं, अस्तर असो, फॉल असो, तू ते आधी रात्रभर बादलीत भिजत घालायचीस. पाण्यातून काढल्याशिवाय कापडाचा खरा स्वभाव कळत नाही म्हणायचीस. हेच तू जावयांबद्दलही म्हणायचीस, पण ते कापडाबद्दल जास्त खरं होतं.

समोरच्या फ्लॅटमध्ये व्हिएतनामची आंटी राहायची. नवरा जहाजावर इंजिनियर, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. मुलगी एका हॉटेलच्या रिसेप्शनवर. आंटीचं इंग्रजी मोडकं, तुझं त्याहून मोडकं, आणि तुमच्या दोघींची मैत्री मात्र धडधाकट. तिला थोडी हिंदी यायची, तुला भाजीवाल्याकडून शिकलेली अरबी. 'यल्ला', 'खलास', 'इन्शाल्ला' एवढ्या तीन शब्दांवर तुम्ही दोघी दुपारचे दोन-दोन तास बोलत बसायचात. मी बारावीत होते, अभ्यासाचं पुस्तक मांडीवर धरून सगळं ऐकायचे.

पहिल्या दिवाळीला तू तिला फराळाचं ताट दिलंस आणि तिनं तुला ती टोपी दिली. ताडाच्या पानांची, निमुळती, हनुवटीखाली जांभळी रेशमी पट्टी. तिच्या गावाची खास टोपी होती ती. उजेडासमोर धरली की पानांच्या दोन थरांच्या मधलं चित्र दिसायचं, एक पूल आणि एक नाव. तू ती खिडकीशी धरून पाहिलीस आणि म्हणालीस, ही तर आपली बर दुबईची अब्रा, खाडी ओलांडायची होडी. आंटीनं सांगितलं की फार पूर्वी, उत्तरेकडे, बायका परातीसारख्या सपाट टोप्या घालायच्या, गोंडे लोंबणाऱ्या. त्या आता फक्त समारंभात उरल्या. ही निमुळती मात्र शेतातही चालते, बाजारातही चालते, पाऊस आला तर छत्री आणि फळं घेतली तर टोपली. हे तुला फार पटलं. एप्रिलमध्ये गच्चीवर पापड वाळत घालताना तू ती डोक्यावर चढवलीस. नऊवारी नव्हे पण पाचवारी खोचलेली, डोक्यावर व्हिएतनामी टोपी, हातात कावळे हाकायची काठी. वॉचमन जिन्यात बसून हसत होता. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज तो फोटो असता तर मी चौकटीत लावला असता.

तिच्या पोशाखाला तू 'आओ-जाओ' म्हणायचीस. खरा शब्द 'आओ याय', तिच्या तोंडून तसा तरी ऐकू यायचा. लांब अंगरखा, कमरेच्या वरपासून दोन्ही बाजूंना कट, खाली सैल विजार. आपल्या पंजाबी ड्रेसची सडपातळ बहीण. तू एकदा तिचा अंगरखा हातात घेऊन उलटा केलास, शिवणी पाहिल्यास आणि विचारलंस की हा असा कधीपासून. मग एक अख्खी दुपार तिनं कागदावर चित्रं काढून दाखवली. आधी म्हणे पुढे दोन पदर मोकळे सोडून गाठ मारायचे आणि खाली घागरा. मग कुणा राजानं फर्मान काढलं, घागरे बंद, विजारी घाला आणि अंगरख्याला बटणं लावा. त्या काळचे माग अरुंद, म्हणून पाठीच्या मधोमध जोड, पुढे जोड, बाहीलाही कोपराखाली जोड. मग फ्रेंच आले, शहरातल्या चित्रकारांनी तोच अंगरखा अंगासरसा केला, रंग दिले, म्हाताऱ्या माणसांनी शिव्या दिल्या. मग आंटीच्या तरुणपणी दक्षिणेतल्या शिंप्यांनी मानेपासून काखेपर्यंत तिरपी शिवण काढली, त्यामुळे काखेतल्या चुण्या गेल्या आणि श्वास घ्यायची जागाही गेली. ती स्वतः पांढरा घालून सायकलवरून शाळेत जायची, मागचा पदर चाकात जाऊ नये म्हणून खाली दाबून बसायची. लढाईनंतर बरीच वर्षं कुणी फारसा घालेना. आता परत शाळकरी मुली घालायला लागल्या होत्या. डोक्याला तिची आई रोज सकाळी कित्येक हात लांब कापड गुंडाळायची. आता कडक गोल चकती तयार मिळते, ती नुसती ठेवायची. तू हसलीस आणि म्हणालीस, आमच्याकडेही बांधलेला फेटा विकत मिळतो.

मग तिच्या मुलीचं लग्न ठरलं. एका संध्याकाळी आंटी कागदात गुंडाळलेलं रेशीम घेऊन आली. डाळिंबी रंगाचं, हातमागाचं. तिच्या आईनं मरण्यापूर्वी नातीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेलं. दुबईत तसा अंगरखा शिवणारा कुणी नव्हता आणि मीना बाजारच्या मास्टरांवर तिचा विश्वास नव्हता. तुझ्यावर होता. मुलीला तिरप्या शिवणीचा, एकदम अंगासरसा हवा होता, मासिकातल्यासारखा. बाबा जेवताना म्हणाले, कापड दुसऱ्याचं आहे, विचार कर. तू म्हणालीस, ब्लाउजं शिवून शिवून माझे हात एकाच आकाराचे झालेत, हे मला करायचंय. मला आठवतं, तू हे बोललीस तेव्हा ताटाकडे पाहत होतीस आणि चेहऱ्यावर शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलीसारखं काहीतरी होतं. त्या रात्री तू शिस्तीप्रमाणे ते रेशीम बादलीत भिजत घातलंस.

सकाळी मी दात घासायला गेले तर बादलीतलं पाणी डाळिंबी. तू उकिडवी बसलेली, कापड दोन्ही हातांवर. वाळल्यावर तू ते पलंगावर पसरून मोजलंस, पुन्हा मोजलंस. लांबीला हातभर आटलं होतं, रुंदीला चार बोटं, आणि वरची झळाळी गेली होती. बाबांनी मीना बाजारात तसंच रेशीम शोधू म्हटलं. कुणाला कळणार होतं? तू त्यांच्याकडे असं पाहिलंस की ते चष्मा पुसायला लागले. मग तू केस विंचरलेस, कुंकू नीट केलंस, कापडाची घडी हातांवर घेतलीस आणि समोरचं दार वाजवलंस. मी तुझ्या मागे.

दार उघडल्यावर तू घडी पुढे केलीस आणि म्हणालीस, "सिल्क. आय पुट वॉटर. खलास."

आंटीनं कापड हातात घेतलं, बोटांत चुरलं, नाकाशी नेलं. तिचे डोळे भरले, तुझे आधीच भरलेले होते. मला वाटलं, आता हे दार बंद होणार आणि तुमच्या दुपारी संपणार. ती आत गेली. आपण दोघी पॅसेजमध्ये उभ्या. लिफ्ट दोनदा वर-खाली गेली असेल. ती परत आली तेव्हा तिच्या हातात तिच्या आईचा तरुणपणचा फोटो होता. खुर्चीत बसलेली, डोक्याला गुंडाळलेलं कापड, अंगात सैल अंगरखा. आंटीनं फोटोतल्या बाहीवर बोट ठेवलं. कोपराखाली जोड होता. मग गळ्यापासून खाली पोटावर बोट फिरवलं. तिथेही जोड. "नो खलास," ती म्हणाली. "माय मदर, स्मॉल क्लॉथ. ऑल्सो ब्यूटिफुल."

तू फोटो डोळ्यांजवळ नेलास आणि तुझा आवाजच बदलला. अगं, हे तर खणासारखं आहे, तू मला मराठीत म्हणालीस, जशी काही आंटी तिथे नव्हतीच. खणाचा माग अरुंद म्हणून चोळी तुकड्या-तुकड्यांनीच बेततात, तुझ्या आईनं तुला ती शिवायला शिकवली होती. मासिकातली तिरपी शिवण तुला नवीन होती, हे मात्र तुझ्या घरचं निघालं. तू फोटो मशीनच्या बाजूला फ्रिजला चिकटवलास आणि त्यावरून बेतलंस. पाठीत जोड, पुढे जोड, बाह्यांना जोड, पाच बटणं. एक शेवटची गोष्ट तू ऐकली नाहीस ती नाहीसच. कमरेवरचा कट तू दोन बोटं खाली घेतलास. नवरीला पडसं होईल म्हणालीस. जूनमध्ये, दुबईत.

मुलीनं पहिल्यांदा घातला तेव्हा ती आरशासमोर उभी राहून म्हणाली, "मम्मी, इट लुक्स लाइक अ नाइटी." तुझा चेहरा पडला. आंटीनं एक लांब निळं कापड काढलं आणि मुलीच्या डोक्याभोवती गुंडाळायला लागली, एक वेढा, दुसरा वेढा, तिची आई रोज करायची तसं. मुलगी आधी हसत होती. मग हसायची थांबली, बाहीवरच्या जोडावरून हात फिरवला आणि फ्रिजवरचा फोटो आणायला सांगितला. तो गालाशी धरून तिनं आरशात पाहिलं. चेहरा एकच होता, आई. आपल्याला सगळ्यांनाच ते दिसलं. लग्नात तिनं तोच घातला. रात्रीच्या पार्टीला मासिकातल्यासारखा दुसरा होता, तिच्या मैत्रिणीनं तिकडून पाठवलेला, तोही तिला छान दिसला. तू दोन्ही वेळा रडलीस आणि जेवलीस मात्र काही नाही, कशात काय घातलंय कळेना म्हणून.

आता मुद्दा. तूच ती बाई, जी दोन-तीन वर्षांनी गणपतीच्या कार्यक्रमात शिवलेली नऊवारी पाहून मांडीवर हात मारून म्हणाली होतीस, "साडीला चेन? उद्या कुंकवाचा स्टिकर लावाल." कपाळावर तेव्हा तुझी टिकली होती, पाकिटातली, चिकटवायची. मी ती दाखवून दिली तर तू मला चारचौघांत झापलंस. माझ्या लग्नात तू तुझी हिरवी नऊवारी मला नेसवलीस, दाताखाली पिन धरून, गुडघ्यावर बसून, आणि कासोटा असा घट्ट काढलास की मी सप्तपदीत सैनिकासारखी चालले. नातीला तू दीड वर्षाची पाहिलीस आणि गेलीस. नेसवायला मला शिकवायचं राहून गेलं. उद्या शिकू, उद्या शिकू, असं मीच म्हणायचे.

तुझ्या नातीचं आता लग्न आहे. आम्ही शारजाला अल नहदाला राहतो, लग्नाचा हॉल जवळच आहे. तिला तीच हिरवी हवी. मी मोबाइलवर व्हिडिओ लावून तिला नेसवायला बसले. पहिल्यांदा निऱ्या सुटल्या, दुसऱ्यांदा कासोटा. तिसऱ्यांदा ती हॉलभर चालून आली आणि मागे साडीची शेपटी सोफ्यापर्यंत. आम्ही दोघी जमिनीवर बसून हसलो. मग ती म्हणाली, "आई, कॅन वी जस्ट स्टिच इट? आय वॉन्ट आजीज, नॉट अ न्यू वन." मी रागावायच्या तयारीत होते. तोंड उघडलं आणि तुझाच आवाज बाहेर येईल असं वाटलं, म्हणून मिटलं. त्या रात्री मला आंटीचं फोटोवर ठेवलेलं बोट आठवत राहिलं. राजानं घागरे बंद केले, चित्रकारांनी अंगासरसा केला, तू पाण्यात घालून पुन्हा सैल केलास, आणि तरी तो त्यांचाच राहिला. तुझी साडी कपाटात घडीवर विरण्यापेक्षा तिच्या अंगावर चालती-फिरती असावी, असं मला मनापासून वाटतं.

मीना बाजारात एक मास्टरजी आहेत, हात चांगला आहे त्यांचा. साडी टेबलावर पसरून, कात्री हातात घेऊन त्यांनी विचारलं, "मॅडम, काट दूँ?" मी म्हटलं, एकांना विचारून सांगते. म्हणून तुला हे लिहायला बसले. धाडायचं कुठे, हा प्रश्नच आहे, तेव्हा हे तुझ्या टोपीत ठेवीन, ती अजून बाल्कनीत खिळ्याला आहे. तू काय म्हणाली असतीस ते मला साधारण माहीत आहे, आणि ते ऐकून घ्यायचीही माझी तयारी आहे. पण खरं सांगू का, आई? विचारून सांगते म्हणाले, दुकानाच्या दारापर्यंत गेले आणि परत टेबलापाशी आले. साडी कालच कापून झाली. पाण्यातून मात्र काढू दिली नाही.