पहिल्या हाकेला

पालम, मंगळवार. मार्च १९८६

दुपारच्या एसटीनं दत्तू गेला. माझा धाकटा दीर. परभणीच्या पुढं कधी न गेलेला, आता वायरमन म्हणून थेट मस्कतला. सकाळपासून तीनदा त्यानं पेटी उघडून बघितली, चहा बशीबाहेर सांडला. मी शहाण्यासारखी सांगत होते: पासपोर्ट बंडीच्या आतल्या खिशात ठेव, खोलीचा पत्ता पाठ कर, रस्ता चुकला तर दुकानदाराला विचार, लाजू नकोस.

सासूबाईंनी मात्र एकच सांगितलं. "परक्या मुलखात कुणी हाक मारली तर पयल्या हाकंला ओ देऊ नको. माणूस असंल तर तीनदा बोलवंल. दुसरं काही असंल तर एकदाच बोलवतंय."

मला हसू आलं. दत्तूलाही. "माय, तिथं मला वळखतंय कोण?"

आणि आज दिवेलागणीला मी कंदिलाची काच पुसत होते, तर अंगणातून हाक आली, "वैनी!" दत्तूचाच आवाज. तो 'वै' जरा लांबवतो, अगदी तसाच. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "ओ, आले!"

अंगणात कुणी नाही. फाटकाची कडी तशीच लावलेली. बस चुकली म्हणावं, तर हे स्वतः त्याला बसवून आले.

सासूबाई चुलीपाशी, दाराला लागूनच बसल्या होत्या. विचारलं, "दत्तूचा आवाज ऐकलात?"

"न्हाई. तुझी ओ तेवढी ऐकली." मग माझ्याकडं बघतच राहिल्या.

तेव्हापासून अंगणाकडं कान लावून बसलेय. दत्तू असेल तर अजून दोनदा हाक मारील.

मारील ना?