टिटवीचा तुकडा

अप्पा, यंदा टिटवीनं बाभळीकडच्या पट्टीत अंडी घातली होती. उघड्या रानात, भोवती खडे मांडून, ढेकळांच्याच रंगाची. माझा पायच पडणार होता त्यांच्यावर. ती डोक्यावर घिरट्या घालत असा काही आकांत करायला लागली, की मला तुमची कुळवणी आठवली. तुम्ही कुळव धरलाय, मी मागून धसकटं वेचत येतेय, आणि टिटवी ओरडली की तुम्ही बैल थांबवताय. कुळव उचलून तेवढी जागा सोडायची, खुणेला दगड ठेवायचे, पुढं जाऊन कुळव पुन्हा टेकवायचा. कुळवलेल्या काळ्या रानात तो एक तुकडा तसाच राहायचा. शेजारचे काका बांधावरून चिडवायचे, सातबाऱ्यावर टिटवीचं नाव चढवलं का म्हणून. तुम्ही नुसतं हसायचात. मला मात्र तिचा राग यायचा. आपण हिची अंडी वाचवतो आणि ही आपल्याच टाळक्यावर येते, अशी मी कुरकुर केली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "वरडू दे की. आपल्या दारात कुणी आलं तर आपुन न्हाय व्हय इचारत, कोण हाय म्हणून?"

तुम्ही तर रोजच विचारायचात. मी शाळेतून आले, की कडीला हात लागायच्या आत घरातून आवाज यायचा, "कोण हाय?" आई माझ्या लहानपणीच गेलेली, घरात आपण दोघंच, माझ्याशिवाय येणार कोण होतं? तरी तुम्ही विचारायचात, आणि मीही "मी हाय" म्हणायची.

आता नोकरी संपली, हेही गेले, आणि मी उमरग्याची खोली सोडून आपल्या शेतातल्या घरात राहायला आलेय. लेक हैदराबादला असतो. फोनवर जेवलीस का विचारतो, मी जेवले नसले तरी हो म्हणते. मग दिवसभर बोलायला कुणी नाही, लांबून हायवेवरच्या ट्रकांचा आवाज तेवढा येतो. लई एकटं वाटतं, अप्पा. म्हणून सकाळी चहाचा कप घेऊन मी त्या पट्टीकडं जायला लागले. टिटवी लांबूनच गलका करायची. मी म्हणायची, मी हाय गं, मी हाय. येडी झाली म्हणाल, पण त्या ओरडण्यानं मला बरं वाटायचं.

अंड्यांभोवती खुणेला दगड ठेवून मी ट्रॅक्टरवाल्याला ते आधीच दाखवून ठेवले होते. त्यानं तोंड वाकडं करत का होईना, रोटर उचलून तेवढी जागा सोडली. पुढं अंडी फुटली. पिल्लं लगेच पळायला लागली आणि आईबापामागं ओढ्याकडं निघून गेली. मी अजूनही कप घेऊन जाते. दगडांपाशी उभी राहते, चहा पिते, परत येते. कुणी ओरडत नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच सांगते. काल ट्रॅक्टरवाला आला होता. पेरणी तोंडावर आलीय, तेवढा तुकडा आता घेऊन टाकू का, असं विचारत होता. मी म्हणाले, नको, अंडी आहेत अजून.