इतर विषय, क्रमांक सात

७ जानेवारी २०२४, रविवार. रिसाली
आज परिवाराची पहिली ऑनलाइन मीटिंग. होस्ट मी. स्टील प्लांटात तेहतीस वर्षं शिफ्ट सांभाळली, चार माणसं सांभाळणं काय कठीण? हजर: पुण्याहून पोरगी उन्नती, तुमसरहून पुंडलिकदादा न तुळसावहिनी, गोंदियाहून बहीण हिरा. सगळे एकदमच बोलून राहिले. दादाच्या मागं कुकरच्या शिट्ट्या. हिरानं अर्धा तास नुसतं कपाळ दाखवलं. मग सगळे हसत सुटले. कावून, ते मले समजलंच नाही. शिस्त पाहिजे.

बायको जया गेल्यापासून घर खायले उठते, म्हणून बाबानं मीटिंग काढली, असं उन्नतीले वाटते. तसं काही नाही. परिवाराले नेतृत्व पाहिजे, बस.

१० जानेवारी, बुधवार
हुडकोच्या मार्केटातून माईकवाला हेडफोन आणला. सगळ्या सेटिंग शिकलो. आल्याबरोबर सगळे म्यूट. बोलायचं असन तर हात वर. चॅट बंद. अजेंडा सात विषयांचा: स्वागत पहिला, मीटिंगचे नियम तिसरा, इतर विषय सातवा. वहीत रेघा मारून लिहिला.

१४ जानेवारी, रविवार
जबरदस्त शांतता! फक्त माझा आवाज. दादानं दोनदा हात वर केला, पण होस्टचं झाल्याशिवाय कोणाचा नंबर नाही. चाळीस मिनिटं झाली न फुकटवाली मीटिंग आपोआप बंद पडली. तिसऱ्या विषयावरच होतो. संक्रांतीच्या शुभेच्छा राहून गेल्या.

१७ जानेवारी, बुधवार
वहिनीचा फोन. म्हणे, "भाऊजी, यांच्या तब्येतीचं जरा बोलायचं होतं." म्हटलं, वहिनी, असं सुटं सुटं बोललो तर मीटिंग कायले ठेवली? रविवारी बोला, विषय सातमध्ये टाकतो. ते "बरं" म्हणाली. आवाज पडलेला वाटला. रेंज नसन.

२१ जानेवारी, रविवार
हिरा आलीच नाही. उन्नतीचा कॅमेरा बंद, नुसतं नाव दिसत होतं. म्हणजे मन लावून आयकून राहिली. दादाचा हात सुरुवातीपासूनच वर. चेहरा उतरलेला दिसला, पण कॅमेऱ्यात माणूस तसंच दिसते.
अडतिसाव्या मिनिटाले विषय सातवर आलो. म्हटलं, दादा, बोल आता. त्याले अनम्यूट करणं जमेना. ओठ हालून राहिले, वहिनी मोबाईलवर बोट मारून राहिली, न तेवढ्यात मीटिंग संपली.
फोन करणार होतो. पण नियम आपणच मोडायचा म्हणजे काय? पुढच्या वेळेस विषय सात पहिल्यांदा घेईन. पक्कं.

२८ जानेवारी, रविवार
अकरा ते अकरा चाळीस. कोणी नाही. लग्नसराई असन. मी सुरुवातीचं भाषण एकदा पूर्ण बोलून घेतलं. सराव झाला.

२९ जानेवारी, सोमवार
उन्नतीचा फोन. मोठ्या काकाचं शुक्रवारी नागपुरात बायपास झालं. ठीक आहे म्हणे, अजून दवाखान्यातच आहे. हिरा तिथंच होती चार दिवस. उन्नती स्वतः रजा टाकून जाऊन आली.
मी म्हटलं, मले कावून नाही सांगितलं?
मग म्हणे, "बाबा, काका दोन आठवडे तेच सांगून राहिले होते ना. त्यांना ऑपरेशनची भीती वाटत होती. म्हणायचे, जानराव संगं आला तर मले भेव नाही वाटणार."
मी म्हटलं, फुकटच्या ॲपमध्ये असेच लोचे होतात.
"हो बाबा," म्हणे, न फोन ठेवला.
दुपारी जेवलो नाही. ॲसिडिटी.

३१ जानेवारी, बुधवार, सकाळी ९
दादाले फोन लावला. वहिनीनं उचलला. मले काही बोलली नाही, तशीच फोन त्याच्या कानाले धरला.
मी म्हटलं, दादा.
दादा म्हणे, "बोल. तू बोल, मी आयकतो."
जेवला का, इचारलं. म्हणे, खिचडी खाल्ली. आजच्या गाडीनं येतो म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. तितक्यात नर्स आली न वहिनीनं फोन ठेवला.
मी बराच वेळ फोन कानालेच लावून बसलो होतो.