साडूंच्या लॉटची काडतुसं

तीर्थस्वरूप दादांना साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी उजवा खांदा सध्या आखडला आहे, तेव्हा सातांवर भागवून घ्यावं.) आपली तब्येत उत्तम असेल आणि वहिनींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देत असेल, अशी आशा आहे. इकडे आपली धाकटी बहीण ठणठणीत आहे, मुलं ठणठणीत आहेत, आणि आपल्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे साडू, तर इतके ठणठणीत आहेत की बघवत नाही.

मला त्यांचा हेवा वाटतो असं आपली बहीण म्हणते. तिचा स्वभाव मुळात शब्द जपून वापरण्याचा आहे. खरं सांगायचं तर त्यांचं नुसतं नाव निघालं तरी माझा चहा कडू होतो. आता आपणच न्याय करा. आम्हा दोघा मेहुण्यांच्या हातात आपण एकाच दिवशी, एकाच टेबलावरून नेमबाजीचं पिस्तूल दिलंत. तेव्हापासून त्यांनी चषक आणले आणि मी सबबी आणल्या. आपल्या वडिलांच्या बैठकीतल्या फळीवर आता इतके चषक झाले आहेत की आमच्या लग्नाचा फोटो मागे सरकला आहे. त्यात बायको पूर्ण दिसते, माझा एक कान दिसतो.

आणि आता क्लबाच्या संघात एक जागा रिकामी झाली आहे. (त्या जागेवरच्या गृहस्थांना मोतीबिंदू झाला. डॉक्टरांनी सांगायच्या आधी ते आम्हाला त्यांच्या टार्गेटवरून कळलं होतं.) महिनाअखेरीला निवड आहे आणि जागेला उमेदवार दोनच, साडू आणि मी. बायकोनं एक दिवस सराव बघितला आणि घरी येताना सहज म्हणाली, "भावोजींचा हात पाहिलात का? भिंतीत ठोकल्यासारखा." माझ्या हाताबद्दल ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता मी वजन-मापे खात्यात नोकरीला आहे, हे आपण जाणताच. आमच्या खात्यात माणसावर संशय घ्यायची पद्धत नाही, दोष आधी तराजूत शोधतात. तेव्हा मी असा निष्कर्ष काढला की ते दातांचे डॉक्टर आहेत म्हणून त्यांचा हात स्थिर आहे वगैरे सगळं झूट आहे, फरक काडतुसांत आहे. आमच्या पॉइंट बावीस बोअरच्या पिस्तुलांना काडतुसं कारखान्यातूनच तयार येतात, घरी भरायची सोय नाही, म्हणजे ज्याला चांगला डबा सापडला तो राजा. मी दुकानात गेलो आणि सगळ्यांत वेगवान गोळीचा डबा घेतला. डब्यावर वीज चमकत होती. म्हटलं, गोळी जितकी लवकर पोचेल तितका तिला वाटेत बिघडायला वेळ कमी. टार्गेट आणून बघितलं तर कागद गोवर आल्यासारखा दिसत होता. दुकानदार म्हणाले की जोरात जाणारी आणि नेमकी जाणारी या दोन वेगळ्या गोळ्या असतात. हे त्यांनी पैसे घेतल्यावर सांगितलं.

मग साडू कोणतं काडतूस वापरतात ते बघायचं ठरवलं. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, खुर्ची देऊन, चहा पाजून सांगितलं असतं, आणि म्हणूनच विचारायचं नव्हतं. सगळे गेल्यावर मी क्लबाच्या कचऱ्याच्या पिंपात हात घातला. तेवढ्यात झाडूवाल्या मावशी आल्या आणि काय हरवलं म्हणून विचारू लागल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, अंगठी. दादा, ती बाई इतकी भली की तिनं पिंपच जमिनीवर पालथं केलं आणि आम्ही दोघांनी उकिडवं बसून न हरवलेली अंगठी शोधली. साडूंचा रिकामा डबा मला मिळाला. मावशी मात्र अजून भेटल्या की मान हलवून हळहळतात, आणि मलाही आता ती अंगठी खरंच हरवल्यासारखं वाटू लागलं आहे.

डब्यावर कंपनीचं नाव होतं आणि लॉटचा, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचा, नंबर होता. एकाच कंपनीचं काडतूस असलं तरी लॉट बदलला की मार बदलतो, हे मला ठाऊक होतं. त्या लॉटचे जेवढे डबे दुकानात शिल्लक होते तेवढे मी उचलले. (आपल्या बहिणीला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतंय की नवीन पडदे यंदा महाग झाले म्हणून आले नाहीत.) एका दगडात दोन पक्षी मारायचा बेत होता. मला नेम मिळेल आणि त्यांना काडतूस मिळणार नाही. दुसरा पक्षी बरोबर पडला. पहिला अजून झाडावर बसून माझ्याकडे बघतो आहे.

कारण माझ्या पिस्तुलाला तो लॉट अजिबात मानवला नाही. दोन गोळ्या वर, एक डावीकडे, एक खाली, आणि एक शेजारच्या वकिलांच्या टार्गेटवर. (त्यांनी ती स्वतःच्या खात्यात धरली.) प्रत्येक नळीची आवड निराळी असते आणि एकीला चालणारं काडतूस दुसरीला चालेलच असं नाही, हे आपण पहिल्याच दिवशी शिकवलं होतंत. साडू त्या वेळी आपल्याकडे बघत होते. मी साडूंकडे बघत होतो.

आता खरी चीड येण्याची गोष्ट ऐका. त्यांचा लॉट संपल्याचं दुकानदारांनी त्यांना सांगितलं तेव्हा मी मुद्दाम तिथे उभा होतो. कपाळाला आठी पडेल म्हणून वाट बघितली. आठी नाही. त्यांनी उरलेल्या प्रकारांतला एकेक डबा घेतला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साडूभाऊ, पिस्तुलाला काय हवं ते पिस्तुलालाच विचारू. तुमचंही घेऊन या." रविवारी त्यांनी लोखंडी स्टँडमध्ये पिस्तूल आवळलं, म्हणजे हाताचा संबंधच नको, आणि दर प्रकाराची पाच-पाच काडतुसं मारून भोकं कुठे पडतात ते मोजत बसले. आधी माझं पिस्तूल घेतलं, स्वतःचं मागाहून. त्यांच्या पिस्तुलाला जुन्या लॉटइतकं काहीच जमलं नाही. माझ्यासाठी मात्र त्यांनी दुकानाच्या खालच्या फळीवरून आणलेला एक साधा, स्वस्त डबा शोधून काढला आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला. स्वतःसाठी म्हणाले, "मिळेल त्यानं मारू. तुमची सोय झाली ना?"

दादा, हे अति आहे. नेमबाजीत पुढे होते तेवढं पुरे नव्हतं का? आता चांगुलपणातही मला मागे टाकायचं? घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोनं कारण विचारलं. काय सांगणार, की त्यांनी मला मदत केली?

असो. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पोटात घालावा. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि वहिनींनी गुडघ्याला गरम शेक चालू ठेवावा.

आपला धाकटा मेहुणा

ता. क. ते सगळे डबे क्लबाच्या कोठीत माझ्या नावावर बंद आहेत. आपण क्लबाच्या पिस्तुलांच्या तपासणीला इकडे येणारच आहात, आपल्याकडे परवानाही आहे. ते रीतसर आपल्या नावावर करून घ्या आणि "माझ्याकडे पडून होते" असं म्हणून साडूंना द्या. माझं नाव नको. मात्र निवड झाल्यावर द्या.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलं. निवडीच्या आधीच द्या. ते भलत्याच काडतुसांनी हरले तर संघात मी जाईन, पण ते जिंकणं खोटं आहे हे मला एकट्यालाच ठाऊक असेल, आणि ते हसत हसत माझं अभिनंदन करतील. ते मला सोसायचं नाही.

ता. क. ३. एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली नाही, टाळली. त्या स्वस्त डब्यातली पाचही काडतुसं माझ्या पिस्तुलानं स्टँडमधून मारली तेव्हा सगळी भोकं शर्टाच्या एका बटणाखाली झाकली गेली. मग साडू चहा आणायला गेले तेव्हा मी तेच पिस्तूल, तोच डबा घेऊन हातानं मारून बघितलं. बटण पुरलं नाही. बशी लागली असती. तेव्हा काडतुसाचा प्रश्न मिटला आहे, दादा. पुढच्या आठवड्यात मी रजा घेऊन आपल्याकडे येऊ का? मला हात धरायला पहिल्यापासून शिकवा. साडूंना कळू देऊ नका, ते सोबत करायला निघतील.